घरच्या बिअरच्या बाटल्यांसाठी लाकडी क्रेट: आधी जाळी करा, मग खोका

वीस लिटरची एक बॅच भरली की ६५० मिलीच्या साधारण तीस बाटल्या होतात, ३३० मिलीच्या भरल्या तर साठच्या आसपास, आणि एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न नेमका झाकणं लावून झाल्यावर समोर येतो. पुठ्ठ्याचा खोका ओल लागली की तळातून सुटतो, प्लास्टिकच्या क्रेटला चारी बाजूंनी भोकं असतात म्हणजे उजेड आत येतोच, आणि उजेड बिअरचा मोठा शत्रू आहे. हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आलेले कडू घटक अतिनील आणि निळ्या उजेडात फुटतात आणि बिअरला तो उग्र घाण वास येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, पण हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ काहीच अडवत नाही. बंद बाजूंचा लाकडी क्रेट हे काम आपोआप करतो, शिवाय बाटल्या उभ्या राहतात त्यामुळे यीस्ट तळाशी नीट बसतं, आणि एखादी बाटली फुटलीच तर काच खोक्यातच राहते.

बहुतेक जण आधी खोका बनवतात आणि मग त्यात बाटल्या बसवायला बघतात. माझं मत एकदम उलटं आहे, आधी आतली कप्प्यांची जाळी करायची आणि तिच्या मापाने खोका कापायचा. कारण ६ मिमी म्हणून मिळणारा प्लाय बऱ्याचदा साडेपाचच भरतो, खाचा थोड्या इकडेतिकडे होतात, आणि कागदावरचं माप आणि हातातली जाळी यात चार-पाच मिमीचा फरक सहज पडतो. जाळी हातात असली की तो फरक खोक्यात सामावून घेता येतो, खोका आधी जोडला असेल तर मग जाळी घासत बसावं लागतं.

तर पहिलं काम बाटली मोजणं. झाकण लावलेली बाटली घ्या म्हणजे उंची खरी मिळेल. जाडी मोजायला व्हर्निअर नसेल तर बाटली दोन सरळ ठोकळ्यांच्या मध्ये धरा आणि ठोकळ्यांमधलं अंतर मोजा. वेगवेगळ्या प्रकारच्या बाटल्या जमवल्या असतील तर सगळ्यात जाड आणि सगळ्यात उंच बाटलीचं माप धरा, आणि तारेच्या झाकणाची असेल तर तारेसकट मोजा, ती बाजूला बरीच बाहेर येते. जाडीत ५ मिमी वाढवले की कप्प्याचं माप मिळतं, त्यापेक्षा कमी ठेवलं तर लेबलवाली बाटली अडकते आणि जास्त ठेवलं तर उचलताना बाटल्या खडखडतात.

पुढचं सगळं मी ७५ मिमी जाड आणि २९० मिमी उंच बाटली धरून सांगतोय, तुमची माप वेगळी असेल तर आकडे बदला, पद्धत तीच. कप्पा ८० मिमी, एका क्रेटमध्ये ४ गुणिले ३ म्हणजे बारा बाटल्या. चोवीसचा क्रेट करायचा मोह होतो पण वजनाचा विचार करा, ६५० मिलीची भरलेली बाटली अकराशे-साडेअकराशे ग्रॅमच्या जवळपास जाते, बारा बाटल्यांचे तेरा-चौदा किलो, त्यात क्रेटचे पाचेक, म्हणजे अठरा-एकोणीस किलो झालेच. एका माणसाला जिन्यावरून न्यायला एवढं पुरे. ३३० च्या बाटल्या असतील तर चोवीस चालतील.

जाळीला ६ मिमी प्लाय. उंची १५० मिमी पुरते, बाटलीच्या खांद्यापर्यंत आधार मिळाला की झालं, वरची मान मोकळी असली की बाटली पकडून काढता येते. लांब पट्ट्या दोन, प्रत्येकी ३३८ मिमी (चार कप्पे आणि मध्ये तीन प्लायची जाडी), आणि आखूड पट्ट्या तीन, प्रत्येकी २५२ मिमी. लांब पट्टीवर एका टोकापासून ८३, १६९ आणि २५५ मिमीवर खाचेचा मध्य येतो, आखूड पट्टीवर ८३ आणि १६९ वर. खाच अर्ध्या उंचीपर्यंत, म्हणजे ७५ मिमी, वर एखादा मिमी जास्त. लांब पट्ट्यांना वरून खाच आणि आखूड पट्ट्यांना खालून, की दोन्ही एकमेकांत उतरतात. खाचेची रुंदी मात्र पट्टीने मोजू नका, त्याच प्लायचा तुकडा ठेवून दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवा आणि अर्धा मिमी सैल ठेवा, कारण वॉर्निश लागल्यावर प्लाय थोडा फुगतो. सारख्या मापाच्या पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकदमच कापा, त्यामुळे एखादी खाच चुकली तरी सगळ्यांत सारखीच चुकते आणि जाळी बसते. दोन्ही कडा करवतीने कापायच्या आणि तळ पटाशीने तोडायचा, मग कानस फिरवायची. जाळीला गोंद लावू नका, ती सुटी राहिली पाहिजे, कधी बिअर सांडली तर काढून धुता येते.

जाळी जोडून टेबलावर ठेवा आणि तिची बाहेरची लांबी-रुंदी परत मोजा. त्यात प्रत्येकी २ मिमी मिळवा, हे खोक्याचं आतलं माप. आपल्या उदाहरणात ३४० गुणिले २५४.

आता लाकूड. हँडल ज्या दोन टोकाच्या बाजूंना येतं त्यांना १८ मिमी प्लाय वापरा असं मी आग्रहाने सांगेन. पाइनच्या फळीत हँडलचं भोक पाडलं की भोकाच्या वरचा भाग रेषेच्या दिशेने फुटायची भीती असते, प्लायचे थर आडवे-उभे असल्याने तो फुटत नाही, आणि अख्खं वजन त्या दोन भोकांवरच येणार आहे. लांब बाजूंना १२ मिमी प्लाय किंवा पाइनची फळी काहीही चालेल, फक्त फळी सरळ बघून घ्या, पीळ पडलेली किंवा मोठ्या गाठीची नको. जुन्या पॅलेटचं लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते चालतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणूच नका. शिक्काच नसेल तरी सोडून द्या.

भिंतीची उंची अशी काढायची: तळ १२ मिमी, बाटली २९०, वरच्या क्रेटचे आत उतरणारे पाय १५, आणि मोकळी जागा ८, एकूण ३२५ मिमी. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे कारण वर दुसरा क्रेट ठेवला की त्याचं वजन भिंतींवर यायला हवं, बाटल्यांच्या झाकणांवर नाही. टोकाचे तुकडे २५४ गुणिले ३२५ चे दोन, लांब बाजू ३७६ गुणिले ३२५ च्या दोन (३४० आणि दोन्हीकडचे १८-१८), तळ १२ मिमी प्लायचा ३४० गुणिले २५४.

हँडल जोडणीच्या आधीच पाडा, नंतर जिगसॉ नीट बसत नाही. वरच्या कडेपासून ४५ मिमी लाकूड सोडून ३२ मिमीची दोन भोकं पाडा, बाहेरून बाहेरपर्यंत १००-११० मिमी होईल अशी, आणि मधला भाग जिगसॉने काढा. भोकाच्या कडा ८० नंबरच्या आणि मग १२०, १८० च्या पॉलिश पेपरने चांगल्या गोल करा. इथे कंटाळा करू नका, अठरा किलो वजन धारदार कडेवर उचलताना बोटं कापल्यासारखी होतात.

जोडताना टोकाचे तुकडे आत आणि लांब बाजू बाहेरून येतात. कडेला फेविकॉल, मग ४ बाय ४० चे स्क्रू, प्रत्येक कोपऱ्याला चार. प्लायच्या कडेत स्क्रू थेट मारला तर थर सुटतात, म्हणून आधी अडीच मिमीच्या बिटने भोक पाडा आणि डोकं बसायला काउंटरसिंक करा. दोन कोपरे झाले की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा, आणि चारही झाले की दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर खोका काटकोनात आहे, नसले तर फेविकॉल ओला असतानाच लांब कर्णावर दाब देऊन सरळ करा.

तळ खालून ठोकायचा नाही. खालून ठोकलेला तळ वजनाने स्क्रूसकट ओढला जातो. तो भिंतींच्या आत बसवा आणि चारही बाजूंनी बाहेरून त्याच्या कडेत स्क्रू मारा, म्हणजे वजन स्क्रूवर आडवं येतं आणि तो सहज सुटत नाही. इथे ३.५ बाय ३५ चे स्क्रू पुरतात. आतल्या चार उभ्या कोपऱ्यांना त्रिकोणी पट्टी चिकटवता येते (वरचे वीसेक मिमी वरच्या क्रेटच्या पायांसाठी मोकळे सोडून), २० मिमीची चौकोनी पट्टी तिरकी चिरली की दोन त्रिकोणी पट्ट्या मिळतात. बाटली गोल आणि कप्पा चौकोनी असल्याने कोपऱ्यात तेवढी जागा रिकामीच असते, बाटलीला ती लागत नाही, आणि खोका मात्र फार मजबूत होतो. गोंदच मुख्य काम करतो, दोन छोटे खिळे फक्त धरून ठेवायला.

पायांसाठी १५ मिमी जाडीच्या आणि २४५ मिमी लांबीच्या दोन पट्ट्या, तळाखाली दोन्ही टोकांजवळ, भिंतीच्या आतल्या रेषेपासून ५ मिमी आत. त्या खालच्या क्रेटच्या तोंडात उतरतात, त्यामुळे रास सरकत नाही, आणि जमिनीवर ठेवलं तरी खालून हवा खेळते, बुरशी धरत नाही. खालचा क्रेट वरच्याने झाकला जातो, झाकण फक्त सगळ्यात वरच्याला लागतं: एक प्लायचा तुकडा आणि त्याखाली तशाच दोन पट्ट्या. झाकण टाळू नका. कार्बोनेशन झालेल्या (आत गॅस तयार झालेल्या) बाटलीत खोलीच्या तापमानाला दोन-तीन बार दाब असतो, साखर जास्त पडली किंवा फर्मेंटेशन (आंबवणं) पूर्ण व्हायच्या आधी भरलं तर तो बराच वाढतो, आणि फुटणारी बाटली एकटी फुटत नाही. पहिले दोन आठवडे झाकणावर काहीतरी जड ठेवा, आणि बॅचबद्दल शंका असेल तर जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच उघडा.

फिनिशिंगला पाण्यावर आधारलेलं वॉर्निश, दोन हात, आतूनही आणि खासकरून प्लायच्या कापलेल्या कडांना, कारण ओल तिथूनच आत शिरते. जवसाचं तेल आवडत असेल तर लाकडाला छान रंग येतो पण तेलाचे फडके गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका. वास पूर्ण गेल्याशिवाय क्रेटमध्ये काही ठेवू नका. पहिल्यांदा रिकाम्या बाटल्या लावून उचलून बघा, एखाद्या कप्प्यात बाटली घट्ट बसली तर खाच पॉलिश पेपरने घासा, आणि टोकाच्या बाजूवर हँडलखाली बॅचचं नाव आणि भरल्याची तारीख खडूने लिहा, पुढच्या बॅचला पुसून परत लिहिता येते.