फॅक्टरी जोरात चालू आणि खातं एनपीए? बँक लोनच्या करारातल्या या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत मी अकाउंट्सला होते तेव्हाची गोष्ट. दोन शिफ्ट चालू, ऑर्डरी भरपूर, टर्म लोनचा हप्ता दर महिन्याला वेळेवर जातोय, आणि एक दिवस स्टीलवाल्याला दिलेला चेक परत आला. मालकांचा फोन, "ताई, लिमिटमध्ये अजून वीस लाख शिल्लक आहेत ना, मग चेक परत कसा?" लिमिटमध्ये होते हो, पण ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे हातातला माल आणि गिऱ्हाइकांकडून येणं बघून बँक प्रत्यक्षात जेवढं काढू देते त्यात, नव्हते. आधीचा अकाउंटंट सोडून गेला होता आणि त्यानंतर पाच महिने बँकेत स्टॉक स्टेटमेंटच (माल आणि येणं किती याचा महिन्याचा तक्ता) गेलं नव्हतं, बँकेचे मेल त्याच्या जुन्या आयडीवर पडून होते, आणि आमचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं एसएमएमध्ये, म्हणजे बँकेच्या धोक्याच्या यादीत, गेलेलं. एनपीएच्या, म्हणजे थकीत कर्ज ठरण्याच्या, उंबरठ्यावर, आणि धंदा मात्र झकास चाललेला.

आता मी ऐरोलीत घरूनच महापे, रबाळे, वागळे इस्टेटमधल्या काही कंपन्यांचं बँकेचं काम बघते आणि दर वर्षी कुठे ना कुठे हेच परत दिसतं. पैसे नाहीत म्हणून अडकणाऱ्या कंपन्या असतातच, पण पैसे असून, ऑर्डर असून, निव्वळ करारातली एखादी अट राहिली म्हणून अडकलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. कारण हे टाळता येतं.

सुरुवात होते सँक्शन लेटरपासून, म्हणजे बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रापासून. पहिल्या पानावर रक्कम आणि व्याजदर बघायचा, मागच्या आठ-दहा पानांवर सटासट सह्या करायच्या आणि फाइल कपाटात. अहो, वर्षभर तुम्हाला काय काय करायचंय ते सगळं त्या मागच्या पानांवरच असतं. दर महिन्याला काय द्यायचं, तिमाहीला काय, कशाला आधी परवानगी लागते, काय चुकलं तर किती चार्ज. मी आता प्रत्येक कंपनीत सही व्हायच्या आधी त्या अटींची साध्या मराठीत एक पानाची यादी करते आणि मालकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवते. अकाउंटंट बदलला तरी काच तिथेच राहते.

स्टॉक स्टेटमेंटला "नंतर बघू" म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. सीसीचं लिमिट एक कोटी आहे म्हणजे एक कोटी वापरता येतात असं नसतं, दर महिन्याच्या स्टॉकवरून आणि गिऱ्हाइकांकडच्या येण्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते आणि तेवढंच वापरायचं. समजा स्टॉक ८० लाखांचा, त्यातल्या २० लाखांच्या मालाचे पैसे सप्लायरला द्यायचे बाकी, म्हणजे धरायचा स्टॉक ६० लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) गेलं की उरले ४५. गिऱ्हाइकांकडून येणं ५० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन, उरले ३०. ड्रॉइंग पॉवर झाली ७५ लाख. मार्जिनचे आकडे तुमच्या सँक्शनमध्ये वेगळे असतील, पण रीत हीच. आणि येण्यातलं ९० दिवसांच्या वरचं जुनं येणं बहुतेक बँका धरतच नाहीत, स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीकडचं येणंही बऱ्याचदा नाही. नवीन लोक इथेच गडबडतात, दीड वर्ष अडकलेलं बिल पण यादीत टाकतात, ज्या मालाचे पैसे अजून दिलेले नाहीत तो वजा करत नाहीत, आणि बँकेने कापून आकडा खाली आणला की म्हणतात बँक त्रास देते.

आता रिझर्व्ह बँकेचा नियम नीट वाचा. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्यावर काढलेली रक्कम अनियमित धरली जाते, आणि असं सलग ९० दिवस चाललं तर खातं एनपीए, युनिट चालू असलं आणि कंपनीची परिस्थिती चांगली असली तरीही. हे "तरीही" नियमातच लिहिलंय. आणि एक खातं एनपीए झालं की त्या बँकेतली तुमची सगळी खाती एनपीए, मग टर्म लोनचा हप्ता कितीही वेळेवर जात असू दे.

दुसरी बाजू पण सांगते, कारण काही जण स्टेटमेंट वेळेवर देतात पण आकडा फुगवून. ड्रॉइंग पॉवर कमी पडते म्हणून स्टॉक १० लाखांनी वाढवून लिहायचा. कृपा करून करू नका. २०२१-२२ पासून कंपनीच्या ताळेबंदातच सांगावं लागतं की बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट हिशोबाच्या वह्यांशी जुळतात का, आणि लिमिट ५ कोटींच्या वर असेल तर ऑडिटर सीएआरओ रिपोर्टमध्येही (कंपनी कायद्याखालच्या त्याच्या अहवालात) तेच लिहितो. जीएसटी रिटर्न तर बँक मागतेच. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले की स्टॉक ऑडिटला माणूस दारात उभा. मी काय करते, महिना संपला की टॅलीतून आलेला आकडा आणि गोडाऊनमध्ये मोजलेला माल दोन्ही जुळवते, मगच सही, आणि पाठवलेल्या प्रत्येक स्टेटमेंटची पोच किंवा मेल जपून ठेवते.

लिमिट काठोकाठ वापरणं

बरेच मालक सीसी शेवटच्या रुपयापर्यंत वापरतात. मग महिनाअखेरीला बँक व्याज लावते आणि खातं तेवढ्या रकमेने वर जातं. दोन दिवसांत पैसे आले तर ठीक, पण वापरलेली रक्कम सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली की खातं "आउट ऑफ ऑर्डर", म्हणजे एनपीएच. तसंच ९० दिवसांत खात्यात जमा झालेले पैसे त्या काळात लावलेल्या व्याजापेक्षा कमी असतील तरीही. ३० दिवसांनंतर एसएमए-१, ६० नंतर एसएमए-२, आणि हे मोजणं दिवसागणिक चालतं, तिमाही संपायची वाट कोणी बघत नाही. निदान दोन महिन्यांच्या व्याजाएवढी जागा कायम मोकळी ठेवा.

रिन्यूअलचंही तेच. लिमिट साधारण वर्षाचं असतं, मुदत संपल्यावर १८० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर परत एनपीए. ताळेबंद ऑडिट व्हायला सप्टेंबर उजाडतो आणि मग धावपळ. प्रोव्हिजनल आकडे, जीएसटी रिटर्न, स्टॉकची यादी एवढं तरी मुदतीच्या दोन महिने आधी बँकेत टाका आणि लेखी पोच घ्या. दिवाळीआधी घेतलेलं ॲड-हॉक (तात्पुरतं जादा) लिमिट तर लोक विसरूनच जातात, त्याची मुदत वेगळी असते.

सीसीच्या पैशातून मशीन

समोर सेकंडहँड सीएनसी स्वस्तात मिळतंय, टर्म लोनला वेळ लागेल, मग सीसीतूनच चेक दिला. मोह मला कळतो, पण कमी मुदतीच्या खेळत्या भांडवलाचा पैसा लांब मुदतीच्या वस्तूत घालणं याला रिझर्व्ह बँक निधी वळवणं म्हणते, आणि २५ लाख किंवा त्याहून जास्त थकबाकी असताना हाच मुद्दा पुढे विलफुल डिफॉल्टरच्या (जाणूनबुजून कर्ज थकवणाऱ्यावरच्या) कारवाईत येऊ शकतो. आणि कारवाई राहू दे बाजूला, समजा १८ लाख मशीनमध्ये गेले की कच्च्या मालाला उरत नाही, मग सप्लायर लांबवायचा, मग त्याचं देणं वाढलं म्हणून ड्रॉइंग पॉवर घटते, आणि हे चक्र मी फार जवळून पाहिलंय. बँकेला आधीच सांगा, छोटं टर्म लोन मागा, महिनाभर थांबा.

माल भिवंडीत, पॉलिसी रबाळ्याची

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहिते. जागा पुरत नाही म्हणून अर्धा माल भिवंडीच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये हलवला, स्टॉक स्टेटमेंटमध्ये एकूण आकडा बरोबर, पण बँकेला नवा पत्ता कळवला नाही आणि विम्याच्या पॉलिसीतही फक्त रबाळ्याचा पत्ता. इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्याला निम्मा माल दिसत नाही तो एक प्रश्न, आणि आग लागली तर पॉलिसीत नसलेल्या जागेच्या क्लेमचं काय होणार ते सांगायला नको. माल हलवायच्या आधी बँकेला पत्र, पॉलिसीत पत्ता वाढवणं, आणि पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का ते बघणं. खाडीकाठचा आपला भाग, जुलैत पाणी कुठे शिरेल सांगता येत नाही, पुराचं कव्हर आहे का तेही बघा.

न विचारता केलेले बदल

दुसऱ्या बँकेत करंट अकाउंट उघडून विक्रीचे पैसे तिकडे वळवणं, घरच्यांनी कंपनीला दिलेले पैसे बँकेने भांडवलासारखे धरलेले असताना ते परत काढणं, मुलाच्या नावावर शेअर करणं, भावाच्या कंपनीला गॅरंटी देणं. यातली प्रत्येक गोष्ट सहसा करारात "बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय नाही" या यादीत असते. अट मोडली तर पीनल चार्ज, म्हणजे दंड, लागतो. मात्र इथे आपला हक्कही माहीत असू द्या, रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या सर्क्युलरनंतर हा चार्ज व्याजदरात मिसळता येत नाही, त्यावर पुढे व्याज लावता येत नाही, आणि तो का लावला ते बँकेने तुम्हाला कळवायचं असतं. त्यावर जीएसटीही लागत नाही, जानेवारी २०२५ मध्ये सीबीआयसीने (जीएसटी बघणाऱ्या केंद्रीय मंडळाने) तसं स्पष्ट केलंय. खात्याच्या स्टेटमेंटमध्ये अशा चार्जची ओळ दिसली तर बँकेला लेखी विचारा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तक्रारीसाठी आरबीआय ओंबड्समन (लोकपाल) आहे.

आणि जागा एमआयडीसी किंवा सिडकोची असेल तर ती तुमच्या मालकीची नाही, लीजवर आहे. गहाण ठेवायला त्यांची एनओसी लागते, बँक बदलली की बहुतेक वेळा नव्याने. नवीन बँकेचं सँक्शन हातात आणि एनओसीसाठी अडकून पडलेलं टेकओव्हर (कर्ज नव्या बँकेकडे नेणं) मी पाहिलंय, त्यामुळे अर्ज सगळ्यात आधी टाका.

गॅरंटीचं थोडक्यात सांगते पण मनावर घ्या. डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला, आरओसीत (कंपनी रजिस्ट्रारकडे) फॉर्म गेला, म्हणजे पर्सनल गॅरंटी सुटली असं होत नाही. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बाहेर पडताना बँकेकडून गॅरंटी सोडल्याचं पत्र हातात घ्या, नाहीतर दहा वर्षांनी ठाण्यातल्या राहत्या फ्लॅटवर नोटीस येते.

घसरलंच असेल तर

पहिलं म्हणजे मॅनेजरचा फोन टाळू नका, स्वतः जाऊन भेटा आणि खातं नेमकं कशामुळे अनियमित दिसतंय ते विचारा, हप्ता, व्याज, स्टेटमेंट की रिन्यूअल. आमच्या त्या फॅब्रिकेशन कंपनीत मी तीन रात्री बसून पाचही महिन्यांची स्टेटमेंट बनवली, मालकांनी एका गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स मागून ड्रॉइंग पॉवरच्या वरची रक्कम भरली आणि खातं सुटलं. तेव्हा बँकेतल्या एका बाईंनी आम्हाला समोर बसवून आकडा न आकडा समजावला होता, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. एकदा एनपीए झालं असतं तर थोडेसे पैसे भरून भागलं नसतं, थकलेलं सगळं मुद्दल आणि व्याज चुकतं केल्याशिवाय खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होत नाही.

धंद्यातच खरी अडचण असेल तर उद्यम रजिस्ट्रेशन (एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या कंपन्यांसाठी मे २०१५ चं एमएसएमई रिव्हायव्हल फ्रेमवर्क, म्हणजे अडचणीतला उद्योग सावरायची ठरलेली पद्धत, आहे, २५ कोटींपर्यंतच्या कर्जासाठी. तुम्ही स्वतः अर्ज करून बँकेच्या समितीपुढे जाऊ शकता. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने प्रो निट्सच्या केसमध्ये सांगितलं की हे बँकांवर बंधनकारक आहे, पण हेही सांगितलं की कंपनीने जागं राहून आपण एमएसएमई असल्याचे कागद खातं एनपीए व्हायच्या आधी द्यायला हवेत. सरफेसीची, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायच्या कायद्याखालची, ६० दिवसांची नोटीस येईपर्यंत थांबू नका. म्हणून उद्यमचं सर्टिफिकेट आजच बँकेत देऊन पोच घ्या, खातं चांगलं असलं तरी.

राहिला चार्ज, म्हणजे इथे दंड नव्हे, कंपनीच्या मालमत्तेवरचा बँकेचा बोजा. लोन घेतल्यावर ३० दिवसांत सीएचजी-१ (बोजा नोंदवायचा फॉर्म) भरायचा हे बँक मागे लागून करून घेते. पण लोन फिटल्यावर सीएचजी-४ (बोजा उतरवायचा फॉर्म) भरायला कोणी मागे लागत नाही, आणि तोही कंपनीलाच ३० दिवसांत भरायचा असतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचं लोन फिटून सहा वर्षं झाली होती, नो ड्यूज कपाटात होतं, पण एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर चार्ज उघडाच दिसत होता. नवीन बँक म्हणाली आधी हा बंद करा. जुन्या बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, सही करणारा अधिकारी शोधण्यातच दोन महिने गेले आणि तेवढ्यात ऑर्डर दुसऱ्याला मिळाली. तुमच्या कंपनीचं नाव एमसीएच्या साइटवर टाकून चार्जेसची यादी आज एकदा बघाच.