कोल्हापुरात प्राध्यापकीसाठी आलात? आधी सीव्ही हातात घ्या

दर वर्षी जून उजाडला की नांदेड, लातूर, बुलढाण्याकडची नेट-सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) झालेली मुलंमुली तासिका तत्त्वावरचं, म्हणजे तासागणिक मानधनाचं, काम शोधत कोल्हापुरात येतात. सायबर चौकाच्या किंवा राजारामपुरीच्या आसपास खोली बघायची, मेस लावायची आणि गावाकडून आणलेला दोन पानी बायोडेटा घेऊन कॉलेजं पालथी घालायची. उमेदवार चांगला असूनही तो बायोडेटा मागे पडतो, कारण वाचणाऱ्याला जे हवं ते त्यात पटकन सापडत नाही. बाहेरून येऊन इथं रुळलेली आम्ही मंडळी प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगतो: तुमचा सीव्ही सगळ्यात आधी छाननी करणारा वाचतो. त्याच्यासमोर गुणांचा तक्ता असतो आणि प्रत्येक ओळीमागचा कागद तो शोधत असतो.

हा तक्ता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत आहे. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापक पदासाठी त्यातला तक्ता 3 ब पाहा. पदवीला 80 टक्के किंवा जास्त असतील तर 21 गुण, 60 ते 80 ला 19, 55 ते 60 ला 16, 45 ते 55 ला 10. पदव्युत्तरला त्याच क्रमानं वरून 25, 23, 20. पीएच.डी.ला 25. जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेट 10, नुसती नेट 8, सेट 5. शोधनिबंधांना प्रत्येकी 2, पण जास्तीत जास्त 6. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. पुरस्काराचे जास्तीत जास्त 3. समजा पदवीला 62 टक्के, एम.ए.ला 58, सेट, पीएच.डी., तीन निबंध आणि दोन वर्षं शिकवलेलं. मग 19, 20, 5, 25, 6, 4 मिळून 79. हा हिशोब अर्ज करण्याआधी स्वतः मांडा. चौथ्या निबंधानं या यादीत एकही गुण वाढत नाही, पण अनुभवाचं एक वर्ष कागदाअभावी गेलं तर दोन गुण जातात, हे त्यातून लगेच दिसतं. विद्यापीठातल्या जागांसाठी तक्ता वेगळा असतो, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल आणि लगेच शैक्षणिक अर्हतेचा तक्ता. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, सगळीकडे एकाच क्रमानं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर पदवीवरची व्यक्ती आणि अर्जदार एकच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. पत्ते दोन द्या: गावाकडचा कायमचा आणि इथल्या खोलीचा. खोली बदलली की सीव्हीतही लगेच बदला.

बाहेरून आलेल्यांची खरी अडचण अर्हतेच्या तक्त्यात येते. विद्यापीठाचं नाव पदवी प्रमाणपत्रावर छापलंय तसं पूर्ण लिहा. तुमच्याकडे सर्रास चालणारी आद्याक्षरं शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात ओळखली जातीलच असं नाही. गुणपत्रकावर टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून आणा. मनानं दहानं गुणू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र निराळं असू शकतं. 59.8 चे 60 करणं तर अजिबात नको. तिथं तीन गुणांचा फरक पडतो आणि छाननीत तो पहिला पकडला जातो. सुट्टीत गावी जाल तेव्हा हे पत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र आठवणीनं घेऊन या, इथून पाठपुरावा करणं फार जिकिरीचं जातं.

पीएच.डी.समोर तारीख लिहायची ती विद्यापीठाच्या अधिसूचनेची. प्रबंध सादर केला असेल आणि मौखिक परीक्षा व्हायची असेल तर 'प्रबंध सादर' एवढंच लिहा. नेट-सेट नसताना पीएच.डी.वर अर्ज करत असाल तर ती यूजीसीच्या 2009 किंवा 2016 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागतं.

अनुभवाच्या रकान्यात 'दोन वर्षे, वरिष्ठ महाविद्यालय' असं मोघम लिहिलं की प्रश्नांची सरबत्ती होते. त्याऐवजी कॉलेजचं नाव, नेमणूक आदेशाचा क्रमांक, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख दिवस-महिना-वर्षासकट, वर्ग, पेपरचं पूर्ण शीर्षक आणि आठवड्याच्या तासिका. नुसता 'पेपर क्र. 7' इथल्या तज्ज्ञाला काहीच सांगत नाही, कारण अभ्यासक्रम वेगळा. शिवाजी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या विषयाचा चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यातले कोणते पेपर तुम्ही शिकवू शकता ते दोन ओळींत लिहा. प्राचार्य ही ओळ आवर्जून वाचतात. पीएच.डी.साठी रजा घेऊन घालवलेला काळ अनुभवात धरू नका, नियमानं तो मोजला जात नाही. शिकवता शिकवता, रजा न घेता संशोधन केलं असेल तर मात्र तो काळ धरला जातो.

शोधनिबंधाची नोंद अशी असावी: आडनाव, नाव, वर्ष, 'निबंधाचं शीर्षक', नियतकालिक, खंड 12, अंक 3, पृष्ठे 45–58, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक), डीओआय (निबंधाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असल्यास तो. सहलेखक असतील तर छापलेल्या क्रमानं सगळी नावं, तुमचं ठळक अक्षरात. चर्चासत्रात वाचलेला पण न छापलेला निबंध वेगळ्या मथळ्याखाली घ्या. यूजीसीनं केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली, तरी जुन्या निबंधापुढे 'प्रकाशनावेळी केअर यादीत' असं लिहायला हरकत नाही. त्या वेळच्या यादीचं पान तेवढं छापून जोडा. पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकातले निबंध यादीतून काढून टाकलेले बरे. निवड समितीतले काही तज्ज्ञ बाहेरून आलेले असतात, त्यांना ही नावं पाठ असतात आणि तुमच्या चांगल्या निबंधाकडेही ते मग संशयानं बघतात.

छंद, वडिलांचा व्यवसाय, शेवटचं प्रतिज्ञापन यांची इथं गरज नाही. नवख्यासाठी चार पानं पुरे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात) केलेली वर्ड फाइल कॉलेजच्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते. पाठवताना पीडीएफच.

जोडपत्रांना क्रमांक द्या आणि सीव्हीतल्या प्रत्येक नोंदीसमोर तोच क्रमांक लिहा. राखीव जागेच्या जाहिरातीत अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडे (आरक्षणाचं काम पाहणाऱ्या) पाठवायला सांगितलेलं असेल तर तीही त्याच दिवशी पाठवून पोच घ्या. मोठ्या संस्थांच्या शाखा गडहिंग्लज, चंदगडपासून साताऱ्यापर्यंत पसरलेल्या आहेत. कुठंही जायची तयारी असेल तर अर्जासोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा.

काम मिळालं की पुढच्या वर्षाचा सीव्ही त्याच दिवसापासून सुरू होतो. नेमणूक आदेश आणि रुजू अहवालाची प्रत लगेच ठेवून घ्या, आणि एप्रिलमध्ये परीक्षेची गडबड सुरू व्हायच्या आत अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज कार्यालयात द्या. मे महिन्यात लिपिक रजेवर असतात आणि जूनच्या मुलाखतीला तो कागद हाती नसतो.