हेल्थ चेकचा आकडा बघून घाबरण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या घरांत झी-वेव्ह (स्विच, प्लग, लॉक वायरलेस जोडणारी स्मार्ट होम यंत्रणा) बसवलं की थोड्या दिवसांत व्हॉट्सअपवर हेल्थ चेकचा, म्हणजे डिव्हाइसचं कनेक्शन तपासणाऱ्या चाचणीचा, स्क्रीनशॉट येतोच, "दादा, बेडरूमचा स्विच ६ दाखवतोय, बदलायचा का?" आणि स्विच मात्र बटण दाबल्या दाबल्या चालत असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, १० च्या मागे लागणं. झी-वेव्ह जेएस, म्हणजे हे नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर, ० ते १० रेटिंग देतं, पण ते परीक्षेतले मार्क नाहीयेत. एकही पिंग (उत्तर मागणारा छोटा मेसेज) फेल नाही, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आत, तरी शेजारी डिव्हाइस (ज्यांच्याशी थेट बोलता येतं) दोन किंवा कमी असतील तर आकडा ६ वर अडकू शकतो. म्हणजे बोलणं नीट चाललंय, फक्त नेहमीचा रूट (सिग्नलचा रस्ता) तुटला तर पर्याय कमी आहेत. ६ आणि वर चांगलं, ४-५ चालून जातं, १ ते ३ असेल तर लक्ष घाला, ० म्हणजे उत्तरच येत नाहीये. शिवाय चेक अनेक राउंडचा असतो आणि शेवटी सगळ्यात वाईट राउंडचा आकडा दिसतो, म्हणून डिटेल्स उघडून फेल पिंग आणि लेटन्सी बघा, नुसता वरचा आकडा बघून काही कळत नाही.

कासारवडवलीला एका घरी बेडरूमचा हाच ६ बघून मालकांनी स्विचमागचं झी-वेव्ह मॉड्यूल काढून परत जोडलं, तरी ६ च, मग यूट्यूबवर बघून संध्याकाळी अख्ख्या नेटवर्कचे रूट रीबिल्ड करायला, म्हणजे नव्याने शोधायला, लावले, तेही वॉशिंग मशीन चालू असताना. त्यानंतर हॉलचे लाइट उशिरा लागायला लागले आणि दाराचं लॉक मध्येच गायब. मी गेलो तर बेडरूमचं कारण सरळ होतं. बिल्डिंग मायव्हानची, म्हणजे भिंती विटांच्या नाहीत, सगळं सळयांचं काँक्रीट, त्यात मॉड्यूल भिंतीतल्या पत्र्याच्या जीआय बॉक्समध्ये, त्याला शेजारी कमीच दिसणार. खरा त्रास वॉशिंग मशीनच्या वीज मोजणाऱ्या स्मार्ट प्लगचा होता. वॅट जरा हलले की रिपोर्ट पाठवायचा, आणि मशीन चालू असताना वॅट सारखे हलतात. झी-वेव्हचा स्पीड जास्तीत जास्त १०० केबीपीएस आणि एका वेळी एकानेच बोलायचं, त्यात रीबिल्डची गर्दी. प्लगचा रिपोर्ट पाच मिनिटांवर नेला, लॉकचा रूट एकट्याचा परत करून घेतला, विषय संपला. बेडरूम अजूनही ६ आहे आणि मस्त चालतोय.

रीबिल्डचं बटण हा माझ्या मते घाईवाल्यांचा सगळ्यात आवडता शॉर्टकट आहे. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, रात्रभर तसंच ठेवतो आणि सकाळी घर शांत असताना चेक लावतो, कारण नेटवर्कवर ट्रॅफिक असताना लावलेला चेक खराबच येणार. सगळ्या खोल्यांचे एकदम लावू नका, एकेक करा.

बॅटरीवाला सेन्सर झोपलेला असतो, आधी त्याचं बटण दाबून जागा करा, मग चेक. आणि रेंज वाढवायला बॅटरीवाले सेन्सर घेऊ नका, ते दुसऱ्याचा सिग्नल पुढे देत नाहीत, कायम लाइटवर असलेला प्लग पॅसेजमध्ये लावा.

झी-वेव्हची यूएसबी स्टिक, म्हणजे सगळ्या डिव्हाइसशी बोलणारा रेडिओ, मिनी पीसीला थेट खोचून टीव्ही युनिटच्या मागे कोंबलेली असेल तर बाकी काही बघूच नका, मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून ती बाहेर काढा. माझ्या बॅगेत ही केबल कायम असते.

अमेरिकेहून मामाने आणलेलं डिव्हाइस जोडलंच जात नसेल तर रेटिंगपर्यंत जाऊच नका. तिकडे ९०८.४ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ८६५.२, ते तुमच्या स्टिकला ऐकूच येणार नाही. परत पाठवा.