आपली कविता रेडिओवर कशी न्यावी

रेडिओवर कविता वाचायची तर ओळखपाळख लागते, असा पुष्कळांचा समज आहे. ओळख असली तर वाईट नाही, पण ती नसल्यामुळे अडतं असंही नाही. बहुतेक अडतं ते पाठवलेली कविता कानासाठी निवडलेली नसते म्हणून. त्याकडे येऊच, आधी केंद्र ठरवा.

आधी ऐका, मग लिहा

आपल्या भागात कोणतं केंद्र स्पष्ट लागतं ते पाहा आणि आठवडाभर ते नीट ऐका. आकाशवाणीची स्थानिक केंद्रं जळगाव, सांगली, परभणी, रत्नागिरी अशा अनेक ठिकाणी आहेत. कविता सकाळच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या सत्रात लागते की संध्याकाळच्या, महिलांच्या कार्यक्रमात लागते की साहित्यविषयक, तिला पाच मिनिटं मिळतात की पंधरा, हे टिपून ठेवा. वय तिशीच्या आत असेल तर आकाशवाणीचा तरुणांसाठीचा ‘युववाणी’ कार्यक्रम हे सगळ्यात सोपं दार.

दुसरी वाट कम्युनिटी रेडिओची, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्राची. त्याचा परवाना आधी फक्त शिक्षणसंस्थांना मिळत असे. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागला. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही आपल्याकडची उदाहरणं. या केंद्रांची ताकद साधारण शंभर वॅटची, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो. पण निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायचा, असं त्यांच्यावर बंधनच असतं. म्हणजे त्यांनाही तुमची गरज आहे. पहिल्या वाचनासाठी मी तरी हीच जागा सुचवेन. खासगी एफएमच्या मागे फार लागू नका. तिथे गाणी आणि जाहिरातींतून उरलेली दोन मिनिटं मराठी भाषा दिनाला मिळाली तर मिळाली.

पत्र छोटं, कविता मोजक्या

आकाशवाणीला लिहिताना पत्र ‘कार्यक्रम प्रमुख’ या पदाच्या नावाने करा. तुम्ही कोण, कुठले, काय लिहिता हे चार ओळींत सांगा, कोणत्या कार्यक्रमासाठी लिहिताय तेही सांगा आणि पाच-सहा कविता स्वच्छ टाइप करून जोडा. सन्मानपत्रांच्या झेरॉक्स नकोत. कार्यक्रमांची आखणी बरीच आधी होते. 27 फेब्रुवारीसाठीची कविता फेब्रुवारीत पाठवून उपयोग नाही, ती दिवाळीच्या सुमारास पोचलेली बरी. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एक फोन करा. तेही जमलं नाही तर केंद्रावर जाऊन विचारा, पण पाय रोवून बसू नका. आणि समोरच्याला कवितेतलं काय कळतं, असा आव तर मुळीच नको. बा. भ. बोरकर आणि मंगेश पाडगावकर यांनीही आकाशवाणीत नोकरी केली आहे.

कानाला पुरेल अशी कविता

वाचकाला मागे वळून ओळ पुन्हा पाहता येते, श्रोत्याला नाही. तो पोळ्या लाटत असतो, नाहीतर टमटममध्ये बसलेला असतो. पायऱ्यांसारख्या तोडलेल्या ओळी, कंस, तीन टिंबं हे सगळं कागदावरच राहतं. ‘तो’ आणि ‘ती’ फार फिरत असतील तर तो म्हणजे कोण हे तिसऱ्या ओळीपर्यंत निसटतं. तिथे सरळ नाम घाला. शीर्षक ‘विहीर’ आणि कवितेत विहिरीचा शब्दच नाही, असं असेल तर उशिरा रेडिओ लावणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

याची परीक्षा घरीच करता येते. कामात असलेल्या, तुमच्याकडे पाठ केलेल्या माणसाला कविता एकदाच वाचून दाखवा आणि काय लक्षात राहिलं ते विचारा. कवीमित्राला विचारू नका, निसटलेलं तो मनानेच भरून काढतो.

बोली असेल तर ती घासूनपुसून ‘शुद्ध’ करू नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी कविता ही तर स्थानिक केंद्राची हक्काची वस्तू.

वेळ मात्र घड्याळ लावून मोजा. कविता नीट वाचली तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांहून जास्त जात नाहीत. दहा मिनिटांत पाच कविता पुरे, कारण दोन कवितांच्या मध्ये एक-दोन वाक्यांचं निवेदनही हवं. त्यात कवितेचा अर्थ सांगू नका. ती कुठली, कोणाबद्दलची, एवढंच.

स्टुडिओत

कागद एका बाजूनेच, मोठ्या अक्षरांत छापलेला आणि पिन न मारलेला असू द्या. पान उलटू नका, हलकेच बाजूला सरकवा. मायक्रोफोनला सगळं ऐकू येतं: बांगड्या, कडक स्टार्चचा झब्बा, खिशातली किल्ली. मोबाइल बाहेरच ठेवा. माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि तोंड किंचित तिरकं करा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. आवाजाची पातळी तपासताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नका, तुमची सगळ्यात चढ्या आवाजातली ओळ म्हणा.

कविसंमेलनाची सवय असलेल्यांना इथे जड जातं. दाद येत नाही, ओळ दोनदा म्हणण्याचं कारण उरत नाही, आणि सभागृहाला पुरेल असा आवाज तर नकोच. एकाच माणसाशी बोलताय, असं वाचा. चुकलात तर ‘सॉरी’ म्हणू नका. क्षणभर थांबा आणि ती ओळ सुरुवातीपासून घ्या, संकलनात काम सोपं होतं.

कागदपत्रं आणि नंतर

आकाशवाणी करारपत्र देते. सही करण्याआधी ते वाचा. मानधन बँकेत जमा होतं, म्हणून पॅन कार्डाची प्रत आणि खात्याचा तपशील सोबत न्या. कम्युनिटी रेडिओवर बहुधा मानधन नसतं, ते आधीच विचारलं तर अवघडल्यासारखं होत नाही. कविता पुस्तकात आल्या असतील तर प्रकाशकाबरोबरचा करारही एकदा पाहून घ्या. ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकणार का, हेही केंद्रावरच विचारा. दुसऱ्या कवीची कविता परवानगीशिवाय वाचू नका. कवीच्या निधनानंतरही साठ वर्षं हक्क राहतो.

प्रसारणाची तारीख, वेळ आणि कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) आकडा केंद्राकडून लिहूनच घ्या. बाहेरगावच्या नातेवाइकांना आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप सांगा, त्यावर अनेक केंद्रं थेट ऐकता येतात. कम्युनिटी रेडिओ मात्र सगळीकडे लागत नाही. तिथलं ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आणि ते प्रसारणाच्या आठवड्यातच मागा.