डर्ट बाइकला मोठा सिलिंडर बसवताना: इंजिन टिकवायचं असेल तर काय मोजावं

मोठा सिलिंडर बसवला की इंजिन लवकर जातं, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. इंजिन जातं ते बहुतेक वेळा चुकीच्या फटीमुळे, पेट्रोल कमी पडल्यामुळे किंवा अती तापल्यामुळे. यातल्या बऱ्याच गोष्टी जोडणीच्या दिवशी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घेऊन पकडता येतात. म्हणून या लेखात पाना कमी आणि मोजमाप जास्त आहे.

१. किट (मोठा सिलिंडर आणि पिस्टनचा संच) घेण्याआधी हिशेब

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, म्हणजे झाले सीसी. ५४ मिमी बोअर आणि ५४.५ मिमी स्ट्रोकचं १२५ चं टू-स्ट्रोक घ्या. बोअर ५८ मिमी केली की ते १४४ सीसीचं होतं. वाढ चारच मिलिमीटरची, पण पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे दाब तेवढाच धरला तरी कनेक्टिंग रॉडवर (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) आणि त्याच्या खालच्या टोकाच्या बिग एंड बेअरिंगवर येणारा जोर १५ टक्के जास्त. हे इंजिन तेवढं सोसतं.

आता लहान पिट बाइक पाहा. ३९ बाय ४१.४ मिमीचं पन्नास सीसीचं इंजिन ५२ मिमीच्या किटनं ८८ सीसीचं होतं आणि जोर तब्बल ७८ टक्क्यांनी वाढतो. तिथे मूळ क्लच घसरला किंवा हवेवर थंड होणारं इंजिन भाजून निघालं, तर दोष किटला देऊ नये.

फोर-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्या गुणोत्तराचा, हिशेबही करावा लागतो. ७७ बाय ५३.६ मिमी आणि १३.५ चं गुणोत्तर धरलं, तर हेडमधली जागा साधारण २० सीसी येते. बोअर ८० केली आणि ती जागा तेवढीच राहिली, तर गुणोत्तर १४.५ च्या घरात जातं. मग नेहमीच्या पेट्रोलवर ठोका (मिश्रण आपोआप पेटून होणारा खटखटाट) येणार. किटचा पिस्टन त्यासाठी माथ्याला उतरता केलेला आहे का, हे पत्रकात आधी वाचा. नसेल तर जास्त ऑक्टेनचं इंधन कायम मिळणार आहे का, याचा विचार करा. शर्यतीत उतरणाऱ्यांनी आपल्या गटाची सीसीची मर्यादाही पाहून घ्यावी.

२. खालचं इंजिन आधी तपासा

जुना सिलिंडर काढल्यावर रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलणं चालतं, त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पण वर-खाली जराही खेळ जाणवला, तर आधी क्रँकचं काम करा. दमलेल्या बेअरिंगवर मोठा पिस्टन चढवणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या सीलकडेही पाहायला हवं. सील हवा खेचत असेल तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि नवा पिस्टन पहिल्याच दिवशी धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. जोडणी झाली की इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

काही किटमध्ये सिलिंडरचा खालचा गळा जाड असतो आणि त्यासाठी क्रँककेसचं तोंड वाढवावं लागतं. ते काम क्रँक बाहेर काढूनच करायचं. धातूचा कीस बेअरिंगमध्ये गेला तर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ आहे.

३. मोजमाप

नवा सिलिंडर स्वच्छच आला असेल असं मानू नका. गरम साबणाच्या पाण्यानं घासा, कोरडा करा आणि तेल लावलेलं पांढरं फडकं आत फिरवा. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर होनिंगची (भिंत घासून गुळगुळीत करण्याची) भुकटी शिल्लक आहे. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं प्लेटिंग असलेला सिलिंडर मोठा करून घेतला असेल, तर त्यावर पुन्हा प्लेटिंग झालंय ना, हे विचारूनच घ्या. नुसता बोअर करून तो चालत नाही.

पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट: पिस्टन स्कर्टवर (त्याच्या खालच्या भिंतीवर), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) काटकोनात आणि पत्रकात दिलेल्या उंचीवरच मोजायचा. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा. मूळ पिस्टन कास्ट (ओतीव) असेल आणि किटमधला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) असेल, तर जुन्या मॅन्युअलचा आकडा विसरा. फोर्ज्ड पिस्टन २६१८ किंवा ४०३२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे असतात. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी कमी असतं, त्यामुळे तो पिस्टन ४०३२ पेक्षा जास्त फुगतो आणि त्याला फट जास्त लागते. थंडीत सुरू करताना तो थोडा वाजेल, वाजू द्या.

रिंगची फट: रिंग सिलिंडरमध्ये टाका, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट मोजा. पत्रक हाताशी नसेल तर साध्या पेट्रोल इंजिनासाठी बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ०.००४ मिमी धरा. ८० मिमीला ०.३२, ५८ मिमीला ०.२३. कमी भरली तर टोक बाहेरून आत असं घासा आणि कंगोरा काढून टाका. थोडी जास्त फट राहिली तर जराशी ताकद जाते. कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. दोन्हीत चूक करायचीच असेल, तर पहिली करा.

फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर माती ठेवून पाहा. पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन ठेवा, हेड आणि टायमिंग चेन लावून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, मग उघडून माती जिथे सर्वांत पातळ झालीय तिथे कापून मोजा. टू-स्ट्रोकमध्ये स्क्विश (पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या कडेची हेडपासूनची फट) पाहण्यासाठी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घाला, तीही गजन पिनच्या रेषेत. दुसऱ्या दिशेनं घातली तर पिस्टन कलतो आणि आकडा फसवा येतो.

टू-स्ट्रोकचा पॉवर व्हॉल्व्ह (आरपीएमनुसार एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठं करणारं पातं) मात्र मी स्वतः चुकवला होता. मोठ्या बोअरमध्ये त्याचं पातं भिंतीच्या आत डोकावू शकतं. मी तो उघडा ठेवून पिस्टन फिरवून पाहिला, सगळं मोकळं होतं, म्हणून पुढे गेलो. गाडी आयडलवर आली की बारीक टिक-टिक यायची, थ्रॉटल दिला की गायब. कमी आरपीएमला व्हॉल्व्ह बंद असतो, हे मला माहीत होतं. पण डोक्यात आलं नाही. उघडल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा होता. तेव्हा उघडा आणि बंद, दोन्ही स्थितींत पाहा.

४. जोडणी

सर्क्लिप (गजन पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नव्याच वापरा, तोंड वर किंवा खाली ठेवा आणि क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबूनच त्या लावा. नट टॉर्क रेंचनं, समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

५. पेट्रोल

कार्ब्युरेटर असेल तर मोठा सिलिंडर जेटमधून (पेट्रोलचं बारीक भोक) जास्त जोरानं ओढतो. त्यामुळे जेट वाढवावाच लागतो असं नाही, कधी उलट होतं. सुरुवात मात्र जेट एक-दोन नंबर मोठा, म्हणजे मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) ठेवून करा आणि प्लगचा रंग पाहत खाली या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचं प्रमाण कमी करून मिश्रण जाड झाल्याचा आव आणू नका.

इंजेक्शनच्या बाइकमध्ये धोका छुपा असतो. बऱ्याच मोटोक्रॉस बाइकचा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) मुख्यतः थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती, यावरून पेट्रोल ठरवतो. तेवढ्याच थ्रॉटलला आता हवा जास्त जातेय, हे त्याला कोण सांगणार? ईसीयूत नवा मॅप (पेट्रोलचा तक्ता) टाकल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही.

६. उष्णता आणि आरपीएम

जास्त जळणार तर जास्त तापणार. रेडिएटर मात्र तोच. चिखलानं बुजलेली आणि वाकलेली पाती सरळ करा. जास्त दाबाचं झाकण कूलंटचा उकळबिंदू वाढवतं, उष्णता कमी करत नाही.

स्ट्रोक बदललेला नसल्यानं पिस्टनचा वेग तोच राहतो, पण मोठा पिस्टन बहुधा जड असतो आणि त्याच्या झटक्याचा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. म्हणून लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) वर नेऊ नका. उलट मागच्या स्प्रॉकेटचे एक-दोन दात कमी करा: वाढलेला टॉर्क ते ओढून नेतो आणि इंजिन कमी फिरतं.

७. रन-इन (नवं इंजिन हळूहळू बसवणं) आणि पुढे

सुरू करा, भार न देता रेडिएटर हाताला गरम लागेपर्यंत चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. मग अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, आरपीएम वर-खाली करत अर्धा तास. त्यानंतर फोर-स्ट्रोकचं ऑइल आणि फिल्टर बदला. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चनं पिस्टन पाहा. उभ्या रेघा दिसल्या तर तिथेच थांबून कारण शोधा.

तासांचं मीटर लावा. पिस्टन बदलण्याचे मूळ तास मूळ सीसीसाठी दिलेले असतात, तेव्हा पहिला पिस्टन त्याआधीच काढून बघा. रन-इननंतर लगेच लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते पाहणं) करून आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक चाचणीची तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.