फोर-इन-हँड गाठ मारताना या चुका टाळा

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी भाच्याने टायची गाठ पाच वेळा सोडली. "मामा, एकीकडेच फुगतेय बघ!" फुगणारच. फोर-इन-हँड मुळातच जराशी तिरकी बसते, आणि मला तर ती त्यामुळेच आवडते. सरळ करायला ओढाताण केली की गाठ सुपारीसारखी घट्ट होते, तिरकेपणा मात्र जात नाही. दोन्ही बाजू सारख्याच हव्या असतील तर विंडसर गाठ मारावी.

नावाबद्दलही घोटाळा होतो. चार बोटांची किंवा चार पायऱ्यांची गाठ, असं अनेकांना वाटतं. फोर-इन-हँड म्हणजे एकाच माणसाने हाकायची चार घोड्यांची गाडी. लगाम डाव्या हाताच्या बोटांत, उजव्या हातात चाबूक. तिथेही एका घोड्याला एक लगाम असा हिशेब नसतो. पुढच्या जोडीचा एक डावा, एक उजवा, तसेच मागच्या जोडीचे दोन, असे चार. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये अशी गाडी स्वतः हाकण्याचा उमरावांना मोठा शौक. त्यांचा याच नावाचा क्लबही होता. त्याच जगातून हे नाव टायला मिळालं.

सर्वांत जास्त फसते ती लांबी. रुंद टोक अरुंद टोकापेक्षा साधारण 30 सेंटिमीटर खाली ठेवून सुरुवात करा. उंची आणि टायप्रमाणे थोडा फरक पडेल. शेवटी टोक बेल्टच्या बकलला टेकावं. ते पोटावरच थांबलं तर गाठ पूर्ण सोडा आणि रुंद बाजू आणखी खाली घ्या.

रुंद टोक अरुंदावरून समोरून न्या, मागून फिरवा, पुन्हा समोरून आडवं घ्या. घाईत हा दुसरा फेरा राहतो आणि मग टोक खोवायला पुढे पट्टीच उरत नाही. फेरा झाला की टोक गळ्याच्या फासातून खालून वर काढून त्या पट्टीतून खाली सोडा. आवळताना गाठीखाली तर्जनी हलकेच दाबून धरली की मधोमध छान खळी पडते.

संध्याकाळी अरुंद टोक खसकन ओढू नका. टायचं कापड धाग्यांना तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे ते ताणलं जाऊन पिळवटतं. ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट गाठ सोडा आणि टाय रात्रभर लटकवून ठेवा.