मॉनिटरची शिट्टी: आधी जागा, मग ईक्यू

गाणारा आणि मिक्सर सांभाळणारा एकच असला, की मॉनिटरने (गाणाऱ्याकडे तोंड असलेल्या स्पीकरने) शिट्टी मारल्यावर, म्हणजे त्याचा आवाज माइकमध्ये परत शिरून फीडबॅक झाल्यावर, धावत जाऊन फेडर (आवाजाची सरकपट्टी) ओढायला कुणी नसतं. त्यामुळे सगळं साउंडचेकलाच निस्तरावं लागतं.

ईक्यूला (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करण्याच्या सोयीला) हात लावण्याआधी मॉनिटर हलवून बघा. माझी निम्मी शिट्टी तिथेच गेली. माइक कुठल्या दिशेने ऐकतो त्यावरून त्याचे प्रकार पडतात. कार्डिऑइड माइकला बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर माइकच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइड पाठीमागूनही थोडं ऐकतो. त्याचा बहिरा कोन समोरून साधारण १२६ अंशांवर असतो, म्हणून मॉनिटर तिरका, बाजूला. माइक बदलून मॉनिटर तिथेच ठेवला, तर शिट्टी येणारच.

ऑक्स सेंड (मिक्सरमधून मॉनिटरला जाणारा आवाज) प्री-फेडर, म्हणजे चॅनेलचा फेडर हलवला तरी न बदलणारा; हाय-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) १०० हर्ट्झच्या आसपास. माइकसमोर माणूस उभा करूनच मॉनिटर हळूहळू वाढवा. शब्दामागे बारीक घुमणारी शेपटी राहू लागली की थांबा. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये (कुठली फ्रिक्वेन्सी किती मोठी ते दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) त्या फ्रिक्वेन्सीवर टोक दिसेल. मॉनिटर आउटपुटच्या ३१ बँड ग्राफिक ईक्यूवर त्या फ्रिक्वेन्सीची तेवढी एकच पट्टी ३ डेसिबल खाली. मग पुन्हा वाढवा. तीन-चार पट्ट्या पुरे. त्यापुढे आवाज पोकळ होतो आणि गाताना मॉनिटर अजून वाढवावासा वाटतो. शेवटी एकूण पातळी ३ ते ६ डेसिबल मागे घ्या.

मॉनिटर सेंडवर कॉम्प्रेसर (मोठा आणि हळू आवाज यांतला फरक कमी करणारं यंत्र) नकोच. मेकअप गेन लावलेला असला, तर गाण्यातल्या शांत जागी तो आवाज वर ओढतो आणि शिट्टी जवळ येते.

माइकची जाळी मुठीत धरू नका, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. ओठ १० सेंमीवरून ५ वर आणले, तर जवळपास ६ डेसिबल फुकट मिळतात.